रोपवाटिका पारखावी फेकलेल्या रोपांवरून: काटोल रस्त्यावरची जंबेरी रोपं आणि संत्रा कलमं

संत्र्याचं कलम घेताना कास्तकाराची नजर वरच्या बाजूला असते. पान हिरवं आहे का, डोळ्याची फूट केवढी, उंची किती. खालच्या खुंटाकडे, म्हणजे ज्या मुळासकटच्या रोपावर कलम बांधतात त्याकडे, फारसं कोणी बघत नाही आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं बगिचा उभा राहतो तो त्या खुंटावर. नागपूरच्या काटोल रस्त्यावरच्या एका खासगी रोपवाटिकेतला यंदाचा माल इथे खालच्या बाजूने तपासला आहे. रोपवाटिकेचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या बहुतेक या पट्ट्यात कुठेही आढळतील.

माल दोन प्रकारचा. एक, पिशवीतली जंबेरीची, म्हणजे खुंटासाठी वापरायच्या आंबट, जाड सालीच्या लिंबूवर्गीय झाडाची रोपं, ज्यांना स्वतः डोळा भरायचा (संत्र्याची कळी खुंटाच्या सालीत बसवायची) आहे त्यांच्यासाठी. दोन, जंबेरीवर बांधलेली नागपुरी संत्र्याची तयार कलमं. रंगपूर लिंबाच्या खुंटावरची थोडी कलमं मागच्या शेडमध्ये होती, ती मागितल्याशिवाय दाखवत नाहीत.

आधी एक प्रश्न, जो रोपवाटिकेत कोणी विचारत नाही. आंब्याची कोय लावली तर झाड कसं निघेल सांगता येत नाही, म्हणून आपण कलम करतो. मग खुंट मात्र बियापासून बिनधास्त कसा काय करतात? हजारो जंबेरी बिया टाकायच्या आणि हजारो एकसारखे खुंट मिळतील अशी खात्री धरायची, ही हिंमत कशाच्या जोरावर?

ती बियाच्या आतल्या एका चलाखीच्या जोरावर. जंबेरीचं एक बी घ्या, नखाने वरची दोन्ही सालं काढा आणि आतला गर हलक्या हाताने सुटा करा. एकच गर्भ निघेल असं वाटतं, पण दोन, तीन, कधी त्याहून जास्त निघतात, एकमेकांना दाबून वेडेवाकडे झालेले. त्यातला फार तर एक पराग आणि बीजांडाच्या मीलनातून झालेला असतो. बाकीचे आईच्या शरीरातून थेट निघतात. गर्भकोशाभोवती न्युसेलस नावाचा पेशींचा जो थर असतो, तो पूर्णपणे आईचा. त्यातल्या काही पेशी फुगतात, गर्भकोशात घुसतात आणि स्वतःच गर्भ बनतात. बाप नाही, गुणसूत्रांची फेरफार नाही. म्हणून या रोपांना न्युसेलर रोपं म्हणतात आणि ती आईची हुबेहूब प्रत असतात. नागपुरी संत्र्याचं बीही असंच. त्याचे गर्भ पिस्त्यासारखे हिरवट, त्यामुळे घरी बघायला आणखी सोपे. तुलनेसाठी पपनसाचं बी सोलून बघा, एकच गर्भ निघतो.

गंमत अशी की परागाशिवाय हे बहुधा जमत नाही. गर्भाला पोसणारा पुष्क तयार होण्यासाठी फलन लागतं आणि पुष्क नसेल तर न्युसेलर गर्भही उपाशी मरतात. नवरदेवाला लग्नाला बोलावलं, जेवणाचा खर्च त्याच्याकडून घेतला आणि वंशावळीत नाव मात्र लावलं नाही, असा प्रकार आहे.

अँटनी व्हॅन लेव्हेनहूकने 1719 मध्ये संत्र्याच्या बियातून एकाहून अधिक गर्भ निघतात हे नोंदवलं होतं. ते जास्तीचे गर्भ न्युसेलसमधून येतात हे श्ट्रासबुर्गरने 1878 मध्ये दाखवलं. मीलनाशिवाय बी धरण्याच्या या एकूण प्रकाराला अपोमिक्सिस म्हणतात. लिंबूवर्गात तो कोणत्या जनुकाशी जोडलेला आहे हे कळायला 2017 उजाडावं लागलं. चिनी शास्त्रज्ञांना सिटआरडब्ल्यूपी नावाच्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागात घुसलेला डीएनएचा एक छोटा उडता तुकडा सापडला. बहुगर्भी जातींत तो असतो, एकगर्भी जातींत नसतो. एकच प्रत पुरते, म्हणजे गुण प्रबळ आहे. महाळुंग आणि पपनस या मूळ जाती एकगर्भी, संत्र्याच्या गटात हा तुकडा आहे. जंबेरी म्हणजे महाळुंग आणि संत्र्याच्या गटातल्या आंबट फळाचा जुना संकर. रंगपूर लिंबूही त्याच घराण्यातलं. संकरातून जोम मिळाला आणि न्युसेलर बियामुळे तो पिढ्यान्पिढ्या कुलूपबंद राहिला. खुंट म्हणून जंबेरी एवढी पसरली ती त्यामुळे.

आता मालाकडे. गादी वाफे इथे नाहीत, ट्रे आहेत, ही पहिली जमेची बाजू. साठ बाय चाळीस सेंटिमीटरचे, बारा सेंटिमीटर खोल प्लास्टिकचे ट्रे, विटांवर उचलून ठेवलेले. अमरावती रस्त्यावरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने ही पद्धत या भागात रुजवली. कारण एकच, फायटोफ्थोरा. मूळकूज आणि डिंक्या करणारी ही बुरशीसारखी पीडा पाण्यासोबत पोहत जाते. जमिनीवरच्या वाफ्यात एका कोपऱ्यात ती शिरली की पावसाळ्यात सगळा वाफा गेला म्हणून समजा. उचललेल्या ट्रेमध्ये तिला पलीकडे जायला वाट नसते.

माती, वाळू आणि शेणखत एकास एकास एक. मिश्रण ओलं करून, फुटाभरापेक्षा कमी जाडीचा थर पसरून, वर 100 मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून कडा मातीने बंद केलेल्या. एप्रिल-मे मध्ये सहा आठवडे. नागपूरचा मे महिना फुकटचा बॉयलर आहे, तो वापरला नाही तर दोष आपला. ओलं करणं महत्त्वाचं, कोरड्या मातीत उष्णता आतपर्यंत उतरत नाही. इथवर काम चोख होतं. पण ट्रे भरताना अर्ध्या मिश्रणात नंतर आणलेलं कच्चं शेणखत मिसळलं गेलं, तेही न तापवलेलं. सहा आठवड्यांची मेहनत एका टोपल्यात गेली. शेणखत आधीच मिसळून सगळं एकत्र तापवायचं, यात जास्तीचा एक रुपया लागत नाही.

बियाण्याबद्दल तक्रार नाही. जंबेरीची फळं पिकल्यावर बी काढलं, राखेत चोळून चिकटपणा घालवला, पाण्यात टाकून तरंगणारं फेकलं, सावलीत निथळवलं, मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबच्या मिश्र बुरशीनाशकात बुडवून लगेच पेरलं. लिंबूवर्गाचं बी उन्हात सुकवलं की मरतं. दुकानात पुड्या बांधून महिनोन्महिने टांगलेलं जंबेरीचं बी घेणारे कास्तकार अजून आहेत. त्यातलं फार थोडं उगवतं आणि मग दोष पाण्याला दिला जातो. ठेवायचंच असेल तर बुरशीनाशक लावून, किंचित ओलसर, बंद पिशवीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. पेरणी दीड ते दोन सेंटिमीटर खोल. उबदार हवेत तीन आठवड्यांच्या आसपास उगवण दिसते. डिसेंबरात पेरलं तर नागपूरच्या थंडीत बी बसून राहतं आणि बसलेलं बी कुजतं. इथल्या काही ट्रेमध्ये उशिराची पेरणी होती, त्यातली उगवण विरळ होती. पुढच्या वर्षी ती टाळावी.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि रोपवाटिकेचे गुण त्यावर ठरतात. प्रत्येक बियातून एकाहून अधिक कोंब येतात. त्यात एखादा मीलनातून झालेला असू शकतो, म्हणजे जंबेरी नसलेला. त्याचा बाप शेजारच्या बांधावरचा कागदी लिंबू असेल, पपनस असेल, आणखी कोणी. अशा रोपावर डोळा भरला तर झाडं एकसारखी राहत नाहीत. एक झाड बाजूच्या झाडाच्या निम्मं, दुसरं मुळांत कमकुवत, तिसरं डिंक्याला लवकर बळी पडणारं. बगिच्यात दहा वर्षांनी ओळीत मधेच एखादं खुजं झाड दिसतं, त्याला खत कमी पडलं असं आपण समजतो. पुष्कळदा ते त्याच दिवशी ठरलेलं असतं, ज्या दिवशी ते रोप ट्रेमधून पिशवीत गेलं.

चांगल्या मातृवृक्षावरच्या जंबेरी बियात न्युसेलर रोपांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे जातं. उरलेली शोधून काढायची. ट्रे पूर्ण भरल्यावर, रोपं दहा-बारा सेंटिमीटरची झाली की, आधी सगळीकडे नजर फिरवायची. बहुतेक रोपं एकाच उंचीची, एकाच रंगाची, पानाच्या एकाच आकाराची दिसतील. ती जंबेरी. वेगळं दिसणारं रोप काढायचं, मग ते खुजं असो, पिवळट असो, बारीक पानाचं असो किंवा फार उंच असो.

या शेवटच्या शब्दावर ही रोपवाटिका फसते. खुजी, पिवळी रोपं त्यांनी मन लावून काढली आहेत. विहिरीजवळ त्यांचा मोठा ढीग होता आणि तो ढीग बघूनच आधी समाधान वाटलं. पण ट्रेमधून डोकं वर काढून उभी असलेली, शेजाऱ्यांपेक्षा दीडपट उंच रोपं तशीच ठेवली होती आणि त्यांच्यावर डोळे सगळ्यात आधी भरले होते. पेन्सिलीच्या जाडीला ती लवकर येतात ना. संकर दुबळाच निघतो असा कायदा नाही, तो राक्षसासारखा वाढणारा पण मुळात बेभरवशाचाही निघू शकतो. एकसारखेपणा हाच या धंद्यातला गुण आहे, म्हणून दोन्ही टोकं कापायला हवीत. असा उंच खुंट इथे सरसकट "जोमदार माल" म्हणून पुढच्या रांगेत ठेवला जातो. घेणाऱ्याने उलट करावं, मधल्या उंचीची कलमं मागावीत.

पानाच्या देठाकडेही बघावं. जंबेरीच्या देठाला पंख अगदी बारीक असतो. देठावर रुंद, पानासारखा पसरट पंख दिसला तर पपनसाचं रक्त आहे असं धरायला हरकत नाही. पान चुरगाळून वास घेणं हा जुन्या माळ्यांचा उपाय. जंबेरीच्या पानाचा लिंबाळ वास एकदा नाकात बसला की वेगळं रोप ओळखू येतं. सर्दी झाली असेल त्या दिवशी मात्र निवड करू नये.

ढिगात दुसऱ्या प्रकारची रोपंही होती, मुळाशी वाकडी. बी उलटं पडलं किंवा फार खोल गेलं की सोटमूळ आधी वर वळतं, मग खाली जातं आणि मानेला बाक येतो. हे रोप आनुवंशिकदृष्ट्या अस्सल जंबेरी असतं, पण झाड मोठं झालं की बाकाच्या जागी मूळ स्वतःलाच आवळतं. ही रोपं त्यांनी काढली, त्याबद्दल शाबासकी. जुळ्यांची हाताळणी मात्र चुकली. एका बियातून आलेले दोन-तीन कोंब ओढून वेगळे करून सगळे पिशवीत लावले होते. ओढताना मुळांचं टोक तुटतं. एक ठेवून बाकीचे कात्रीने कापणं सरळ आणि स्वस्त.

खराब रोपं, वाकडी मुळं, जुळे, असं सगळं धरून ट्रेमधली दहा-पंधरा टक्के रोपं तरी फेकलेली दिसली पाहिजेत. मालक "आमच्याकडे एकही रोप वाया जात नाही" असं अभिमानाने सांगत असेल, तर गाडी पुढे काढावी.

जी झाडं रोपवाटिकेला फेकून द्यावी लागतात तीच जंगलाला हवी असतात. न्युसेलर बियाचा फायदा उघड आहे. चालू जागेला जमलेली आई जशीच्या तशी पुन्हा उगवते, तेही बियात बंद होऊन, पक्ष्याच्या पोटातून किंवा पुराच्या पाण्यातून दूर जाऊन. फांदी रुजून इतका प्रवास होत नाही. शिवाय आईच्या अंगातले बहुतेक विषाणू बियात उतरत नाहीत. ट्रिस्टेझा हा विषाणूरोग झालेल्या झाडाच्या बियापासूनचं रोप म्हणूनच निरोगी निघतं. पण नव्या रोगाला, नव्या दुष्काळाला उत्तर जुन्याच प्रतींत असेल याची खात्री नाही. उत्परिवर्तनांचा कचराही पिढ्यान्पिढ्या साचत जातो, कारण तो झटकायला मीलन लागतं. म्हणून रानातल्या अपोमिक्टिक वनस्पती बहुधा शंभर टक्के कधीच नसतात. थोडं बी मीलनाचं, जास्त बी प्रतींचं, असा हिशेब असतो. जंबेरीच्या बियातला तो एक संकर गर्भ म्हणजे जातीने बाजूला ठेवलेली गंगाजळी. एकसारखा बगिचा हवा असणाऱ्या कास्तकाराला ती नको असते.

हे फक्त लिंबूवर्गात घडतं असं नाही. नागपूरभोवतीच्या माळावर पावसाळा संपता संपता कपड्यांना चिकटणारी कुसळी, गुरांच्या आवडीचं मारवेल, कोरडवाहू चाऱ्याचं अंजन, या गवतांत मोठ्या प्रमाणात अपोमिक्सिस आहे. त्यांची तऱ्हा थोडी वेगळी. न्युसेलसची पेशी थेट गर्भ बनत नाही, ती आधी स्वतःचा गर्भकोश बनवते आणि त्यातली बिनफलित अंडपेशी गर्भ होते. पुष्कासाठी पराग मात्र तिथेही लागतो. यातल्या बऱ्याच गवतांत गुणसूत्रांचे संच दोनाऐवजी चार किंवा जास्त असतात. संकर, जास्तीचे संच आणि अपोमिक्सिस हे त्रिकूट रानात पुन्हा पुन्हा एकत्र सापडतं. संकराला मीलन नीट जमत नाही, बहुगुणितालाही अडचण येते, मग जी आई मीलनाशिवाय बी धरते ती टिकते. अंजनमध्ये मीलनाने बी धरणारं झाड टेक्सासात सापडलं तेव्हाच त्याचे संकर करणं शक्य झालं. त्याआधी पैदासकारांनी काहीही केलं तरी पोरं आईसारखीच. हेच अंजन ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेच्या सोनोरा वाळवंटात चाऱ्यासाठी नेलं आणि आता तिथे उपद्रवी ठरलं आहे. एक बी पुरेसं, जोडीदार लागत नाही.

मेंडेलचाही याच चलाखीने घात केला. वाटाण्यानंतर त्याने हिअरॅसियम या रानफुलावर संकर केले आणि 1869 मध्ये निष्कर्ष मांडले. वाटाण्यात पहिली पिढी एकसारखी आणि दुसरीत विविधता. इथे उलटं, पहिल्याच पिढीत विविधता आणि पुढे सगळं आईसारखं. बिचाऱ्याला कारण कळण्याची सोय नव्हती. 1903 मध्ये ऑस्टेनफेल्ड आणि राउनकियर या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी उमलण्याआधीच या फुलगुच्छाचा वरचा भाग, परागकोश आणि कुक्षी दोन्ही, कापून टाकला आणि तरीही बी धरलं. हिअरॅसियमला तर पुष्कासाठीही नवरदेव लागत नाही.

परत पिशवीकडे. दुय्यम रोपवाटिकेतल्या, म्हणजे ट्रेमधून रोपं हलवतात तिथल्या, पिशव्या बारा बाय सहा इंचाच्या, भोकं तळाशी आणि बाजूला. आकार योग्य, भोकंही पुरेशी. भरलेली माती मात्र जड आहे. काळ्या मातीचं प्रमाण वाढवून वाळू वाचवलेली दिसते. ओल्या पिशवीवर अंगठा दाबला की खळगा तसाच राहतो, पाणी वर साचतं. जंबेरीची मुळं जोमदार असली तरी फायटोफ्थोरापुढे नाजूक, आणि चिखलात उभी राहिली की पांढरी मुळं तपकिरी होऊन त्यांची साल हाताने सरकते. पाच-सहा पिशव्या फाडून बघितल्यावर दोनांत तसं आढळलं. घेताना निदान एक पिशवी फाडून दाखवायला सांगा. नकार मिळाला तर तेच उत्तर समजा. पिशव्या थेट जमिनीवर ठेवल्या आहेत. खाली काळा कागद किंवा गिट्टीचा थर हवा, नाही तर मूळ भोकातून खाली उतरतं आणि उचलताना तुटतं, शिवाय खालची पीडा वर चढते.

डोळे सफाईने भरलेत. टी आकाराचा छेद, डोळ्याची ढाल लाकूड न ठेवता काढलेली, पट्टी घट्ट. पट्टी वेळेत सोडलेली, म्हणजे खोडाला करकोचा नाही. उंचीत मात्र गोंधळ. डोळा जमिनीपासून 22 ते 25 सेंटिमीटरवर हवा, इथे पुष्कळ कलमं पंधरावर, काही त्याहून खाली. खाली वाकून काम करणाऱ्याची पाठ दुखते हे खरं, पण संत्र्याचं खोड डिंक्याला जंबेरीपेक्षाही लवकर बळी पडतं. जोड मातीपासून जितका उंच तितका पावसाचा उडालेला चिखल त्याच्यापासून लांब. बुटक्या जोडाची कलमं इथे घेऊ नयेत, घेतलीच तर लावताना पिशवीतली माती वावराच्या पातळीहून दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवून लावावीत, आळं खोडापासून दूर करावं.

सगळ्यात मोठी त्रुटी डोळकाडीची, म्हणजे डोळे काढायला आणलेल्या फांदीची. डोळे कोणत्या झाडांवरून आले, ती झाडं ट्रिस्टेझा आणि ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगासाठी कधी तपासली, याची नोंद नाही. इथे एक विचित्र विसंगती आहे. खुंट बियापासून आल्यामुळे विषाणूंपासून जवळजवळ सुरक्षित, आणि त्यावर रोगी डोळा बसवून आपणच रोग आणून लावतो. मग संत्राही न्युसेलर बियापासून का लावू नये, असा प्रश्न येतो. कॅलिफोर्नियात जुन्या जातींची न्युसेलर रोपं करून हा उपाय वापरलाही गेला. पण बियाचं झाड बालपण पुन्हा सुरू करतं. काटे बोटाएवढे, उभी वाढ, आणि पहिलं फळ यायला सात-आठ वर्षं किंवा जास्त. म्हणून 1970 च्या दशकात शेंड्याच्या अगदी टोकाचा सूक्ष्म तुकडा प्रयोगशाळेत खुंटावर बसवण्याची पद्धत आली. त्यात विषाणू निघून जातात आणि बालपण पुन्हा सुरू होत नाही. नागपुरात मनीषनगरच्या गच्चीवर संत्र्याची बी कुंडीत लावून बसलेल्यांनाही हेच सांगणं. झाड बहुधा आईसारखंच निघेल, पण आधी काटे मोजायची तयारी ठेवा.

रंगपूर खुंटावरची कलमं संख्येने कमी आणि गुणाने बरी. डोळा वीस सेंटिमीटरच्या वर, पिशवीतली माती हलकी. कोरड्या, मुरमाड वावरात रंगपूर जंबेरीपेक्षा पाण्याची ओढ जास्त सोसतो. एक्सोकॉर्टिस नावाच्या विषाणूसारख्या रोगाला मात्र तो नाजूक आहे, म्हणून डोळकाडीची नोंद इथे दुप्पट गरजेची. एकाच न्युसेलर प्रतीवर अख्खा पट्टा उभा करण्यापेक्षा वावरात दोन खुंट ठेवणं शहाणपणाचं. पाण्याची जागा जंबेरीला, चढाची जागा रंगपूरला, आणि कोणतं झाड कोणत्या खुंटावर हे वहीत. तीन पानी ट्रायफोलिएट खुंटाच्या जाहिरातीला भुलू नये. चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याची पानं लोहाअभावी पिवळी पडतात.

लागवड सहा बाय सहा मीटर धरली तर हेक्टरी 277 झाडं. त्यावर दहा टक्के जास्तीची कलमं घ्यावीत आणि पावसाळ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत वेगळी दिसणारी, मागे पडणारी झाडं बदलून टाकावीत. रोपवाटिकेत सुटलेला संकर इथे पकडता येतो, पाचव्या वर्षी नाही. जोडाखालून येणारी फूट दर पंधरा दिवसांनी हाताने मोडावी, कोवळी असतानाच. ती राहिली तर तीन-चार वर्षांत जंबेरी वर चढते, संत्रा मरतो आणि झाडाला आंबट, जाड सालीची खरबरीत फळं लागतात. "संत्र्याची जंबेरी झाली" असं लोक म्हणतात तेव्हा झालेलं काही नसतं, खुंट आपलं मूळ रूप दाखवत असतो. खोडाला बोर्डो मलम, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, पावसाळ्याआधी आणि नंतर.

मालाचा निकाल असा. पिशवीतली जंबेरी रोपं घ्यायला हरकत नाही, पण मधल्या उंचीची, आणि घरी आणल्यावर हलक्या मातीत हलवून. रंगपूरवरची कलमं घ्यावीत, डोळकाडीचा प्रश्न विचारून. जंबेरीवरची तयार कलमं एकेक जोड मोजून निवडावीत, गठ्ठ्याने उचलू नयेत. पुढच्या रांगेतला "जोमदार माल" भाव उतरवून दिला तरी नको.

विहिरीजवळच्या ढिगातली काही रोपं कोणीतरी उचलून कुंपणाच्या कडेला खोचली होती. एकाच्या देठाला रुंद पंख होता, दुसरं खुजं आणि काट्यांनी भरलेलं. पाणी कोणी घालत नव्हतं, तरी दोन्ही जगली होती.